क्यू सेफरोज कॉलम: प्रवाह वाढवला की बेडवर पोकळी, असिमेट्री २.३

अॅनायन_४२:
एक्सके १६/२० मध्ये (१६ मिमी व्यासाची, २० सेंमी लांबीची कॉलमची नळी) क्यू सेफरोज फास्ट फ्लो (ऋणभारित रेणू धरणारं मण्यांचं रेझिन) भरलंय, बेडची (बसलेल्या मण्यांच्या थराची) उंची १५ सेंमी. पॅकिंग २.५ मिली/मिनिटाने केलं. स्लरी (द्रवात ढवळलेलं रेझिन) एका वेळी मावत नव्हती म्हणून दोन हप्त्यांत ओतली. आता ५ मिली/मिनिटाला गेलं की अॅडॉप्टरखाली (बेडवर टेकणाऱ्या, वर-खाली सरकणाऱ्या बुचाखाली) ५-६ मिमी पोकळी पडते. अॅसिटोन टेस्टमध्ये (थोडं अॅसिटोन सोडून बाहेर येणाऱ्या शिखराचा आकार पाहणं) असिमेट्री, म्हणजे शिखराची मागची बाजू पुढच्या बाजूच्या किती पट रुंद, २.३. नुसता अॅडॉप्टर खाली घेऊन भागेल की पुन्हा भरायचं?

बेडव्हॉल्यूम:
आधी अॅडॉप्टर, मग टेस्ट, आणि मगच निर्णय.

१६ मिमी कॉलमचं क्षेत्रफळ २ चौ. सेंमी, म्हणजे ६ मिमीची पोकळी १.२ मिलीची झाली. ३० मिलीच्या बेडवर तेवढी जागा म्हणजे नमुना आत शिरण्याआधीच ढवळला जातो. शिखरामागची शेपटी तिथूनच येते.

५ मिली/मिनिट चालू असतानाच बेडच्या माथ्यावर काचेवर खूण करा. पंप बंद, खालचं तोंड बंद, वरची नळी सोडवा. अॅडॉप्टर खुणेपर्यंत आणि तिथून आणखी २-३ मिमी खाली घ्या. पाणी वरच्या नळीतून निघून जाईल. खालचं तोंड उघडायला विसरून पंप सुरू केलात तर प्रेशर क्षणात चढेल.

मूळ कारण पॅकिंगचा वेग. ज्या वेगाने भरलं त्याच्या ७५ टक्क्यांच्या वर चालवायचं नसतं, तुम्ही दुप्पट चालवताय.

रेझिनराव:
वरच्याशी सहमत, पण माझा संशय दोन हप्त्यांवर जास्त आहे. पहिला हप्ता बसला की बारीक कण सगळ्यात शेवटी, त्याच्या माथ्यावर बसतात आणि दुसरा हप्ता त्यावर येतो. मधोमध तो थर कायमचा राहतो. अॅडॉप्टर कितीही दाबा, तो जाणार नाही. उजेडासमोर धरलं तर कधी कधी आडवी रेघ दिसतेसुद्धा.

पुन्हा भरायचं ठरलं तर हिशोब असा: ३० मिली बेड गुणिले १.१५, म्हणजे बसलेलं रेझिन साधारण ३५ मिली. ५० टक्के स्लरी केली की ७० मिली. तुमच्या नळीत जेमतेम ४० मावतात, त्यामुळे वर पॅकिंग रिझर्व्हॉयर (भरताना लावायची जादा नळी) लावा किंवा १६/४० ची नळी घ्या.

बाटलीतलं २० टक्के इथेनॉल आधी काढा, त्याच्या चिकटपणामुळे प्रेशर उगाच वाढतं. ०.२ मोलर मीठ असलेल्या बफरमध्ये तीनदा बसवून वरचं गढूळ ओतून द्या. बारीक कण त्यातच जातात. शुद्ध पाण्यात भरू नका, सारख्या भाराचे मणी एकमेकांना ढकलतात आणि बेड सैल बसतो. मॅग्नेटिक स्टररला हातही लावू नका, मणी भरडले जातात. काचेच्या कांडीने हलकेच ढवळा.

रेझिन, बफर आणि कॉलम एकाच तापमानाला हवेत. थंड बफर गरम कॉलममध्ये गेला की बुडबुडे ठरलेलेच. खालच्या जाळीतली हवा सिरिंजने खालून द्रव ढकलून काढा, सेंटिमीटरभर द्रव ठेवा, मग सगळी स्लरी कांडीवरून एका दमात. कॉलम ओळंब्यात हवा. २.५ मिली/मिनिटाने बेड बसू द्या, नंतर १० मिली/मिनिटाने किमान तीन बेड व्हॉल्यूम (बेडच्या आकारमानाच्या तिप्पट) द्रव सोडा. प्रेशर ३ बारच्या आत ठेवा.

अॅनायन_४२:
अॅडॉप्टर खाली घेतला. पोकळी गेली, असिमेट्री १.९ झाली. टेस्ट ५ मिली/मिनिटाला केली होती, नमुना १ मिली.

बेडव्हॉल्यूम:
मग हा आकडा धरू नका. १ मिली/मिनिट, १ टक्का अॅसिटोन, नमुना ०.३ मिली, २८० नॅनोमीटर. इंजेक्टर ते कॉलम नळी आखूड आणि बारीक. असिमेट्री शिखराच्या १० टक्के उंचीवर मोजा, ०.८ ते १.८ चालते. ०.८ च्या खाली गेली तर बेड जास्त दाबलाय.

प्लेट्सही (बेड किती कार्यक्षम आहे याचं माप) काढा: ५.५४ × (शिखराचं आकारमान ÷ अर्ध्या उंचीवरची रुंदी) चा वर्ग. शिखर २८ मिलीला आणि रुंदी २.८ मिली असेल तर ५५४ प्लेट्स, म्हणजे १५० मिमीत प्लेटमागे ०.२७ मिमी. सुमारे ९० मायक्रॉनच्या मण्याला हे तिप्पट झालं, तिथपर्यंत बेड चांगला.

रेझिनराव:
मिठाने टेस्ट करायची असेल तर ०.४ मोलर मिठात कॉलम समतोल करून ०.८ मोलरचा नमुना सोडा. पाण्यात मीठ सोडलंत तर आयन रेझिनला धरतील आणि शिखर बेडबद्दल काहीच सांगणार नाही.

नव्या टेस्टमध्येही १.८ च्या वर आलं तर रेझिन उपसून पुन्हा भरा.