एनुगूला टँकर का लागतो?

तेजश्री (बी-३०४): मंडळी, आमच्या बंधुराजांची जानेवारीपासून नायजेरियात एनुगूला दोन वर्षांसाठी बदली झालीय. घर त्यालाच शोधायचंय. एनुगू लागोसच्या जवळ आहे का? आणि घर बघताना काय काय विचारायचं?

शिरीष (सी-२०२): जवळ कसलं! रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त, विमानाने तासभर. लागोस योरुबांच्या मुलखात, एनुगू इग्बोंच्या. भाषा, जेवण, बाजार सगळंच निराळं. घराचं म्हणशील तर पहिला प्रश्न पाण्याचा. भाडं नि शेजार नंतर.

तेजश्री: पाऊस कमी पडतो का तिकडे?

देशपांडे काका (ए-७०१): पाऊस भरपूर, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. दुखणं जमिनीत आहे. शहराच्या पश्चिमेला उडीचा कडा उत्तर-दक्षिण पसरलाय. कोकणातून सह्याद्रीची धार दिसते तशीच, फक्त उंची बरीच कमी आणि शहर पूर्वेच्या पायथ्याला. कड्याच्या वरच्या अंगाला अजाली वालुकाश्म, सच्छिद्र आणि पाण्याने भरलेला. त्याखाली ममू थर, कोळसा त्यातला. आणि पायथ्याला, जिथे शहर वसलंय तिथे, एनुगू शेल. म्हणजे चिखलाचा दगड. त्यातून पाणी वाहत नाही, बोअर कितीही खोल नेली तरी हाती फारसं काही लागत नाही. कड्यावरच्या नाइन्थ माइल कॉर्नर या ठिकाणी मात्र बोअर दणकून चालतात. शहराचे टँकर तिथे भरतात आणि उतार उतरून येतात. बिअरचे नि शीतपेयांचे कारखानेसुद्धा याच कारणाने वर आहेत.

अ‍ॅडमिन: सूचना - उद्या शनिवारी टाकी धुण्यासाठी सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. आधी भरून ठेवावे.

शिरीष: मुहूर्त चांगला काढलात 😄

मीनल ताई (ए-१०३): मग शहर वरच का नाही वसवलं?

देशपांडे काका: कोळशामुळे. १९०९मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक अल्बर्ट किटसनची पाहणी-तुकडी चांदी शोधत होती, सापडला कोळसा. १९१५ला खाणकाम सुरू झालं. खाणी उभ्या विहिरीसारख्या नाहीत, कड्याच्या पोटात आडवे बोगदे. बोगद्याचं तोंड पायथ्याच्या बाजूला, मग रेल्वेही तिथेच. १९१६ला ती पोर्ट हार्कोर्टपर्यंत पोचली. ते बंदर मुळात या कोळशासाठीच उभारलं. मजुरांच्या चाळी रुळाजवळ, त्यातलाच आजचा कोल कॅम्प. गोऱ्या साहेबांची वस्ती वेगळी काढली, ती जीआरए. पाण्याचा विचार कोण करतो!
गंमत म्हणजे खाणीत पाणीच पाणी. वरच्या वालुकाश्मातलं पाणी भेगांतून बोगद्यात झिरपतं, कोळशातल्या पायराइट या गंधकयुक्त खनिजाशी गाठ पडून आम्लयुक्त होतं. ते सतत उपसून ओढ्यात सोडावं लागायचं. पंप थांबले की खाण बुडाली.

मीनल ताई: हा पूर्वेचा इग्बो मुलूख बियाफ्रा नावाने नायजेरियातून फुटला, त्या १९६७ ते ७०च्या युद्धात तेच झालं ना? कामगार पांगले, पंप बंद.

देशपांडे काका: हो. एनुगूचा कोळसा त्या युद्धानेच संपवला.

मीनल ताई: एवढं सरळ नाही काका. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रेल्वे, आणि ती आधीच डिझेलकडे वळत होती. शिवाय देशात तेल निघालं, १९६८ला कैंजी धरणाची वीज आली. युद्ध नसतं तर खाणी आणखी काही वर्षं रखडत चालल्या असत्या, इतकंच. शहर तगलं ते राजधानीपणामुळे. १९२९ला दक्षिण प्रांतांचं मुख्यालय, १९३९ला पूर्व प्रांतांचं, मग पूर्व विभागाची राजधानी. ३० मे १९६७ला बियाफ्राची. ४ ऑक्टोबरला नायजेरियाच्या लष्कराने शहर घेतलं आणि राजधानी उमुआहियाला हलली. १९७६पासून अनांब्रा राज्याची, १९९१पासून एनुगू राज्याची. खाणी मिटल्या तरी कचेऱ्या राहिल्या.
आणि १८ नोव्हेंबर १९४९ विसरू नका. इवा व्हॅली खाणीत थकलेल्या पगारासाठी मुद्दाम संथ काम करण्याचं आंदोलन चालू होतं. पोलीस तिथली स्फोटकं हलवायला आले. कामगारांकडे बंदुका नव्हत्या, तरी एफ. एस. फिलिप या अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला. २१ मेले, ५१ जखमी. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यानंतर जी धार आली ती एखाद्या परिषदेने आली नसती.

तेजश्री: बापरे. आता घराचं सांगाल का?

शिरीष: लिही.
जमिनीखालची टाकी किती लिटरची? टँकर फाटकापर्यंत येतो का, की लांब पाइप ओढावा लागतो? टँकरचे पैसे भाड्यात की वेगळे? छपराला पन्हळ आहे का? असेल तर पावसाळ्यात टँकरची गरज निम्म्यावर येते. घरात नळ आहे म्हणजे पाणी आहे, असं धरू नको. डिसेंबर ते मार्च टँकरची ओढाताण असते, तेव्हा टाकी अर्धी झाली की लगेच बोलावायचा, रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही.
टँकरचं पाणी फक्त वापरायला. प्यायला बाटली, नाहीतर ‘प्युअर वॉटर’ची अर्ध्या लिटरची पाकिटं, गोणीत साधारण २० येतात. पाकिटावर नाफडॅकचा, म्हणजे तिथल्या सरकारी अन्न-औषध नियंत्रण संस्थेचा, नंबर छापलेला हवा.
भाडं वर्षाचं आगाऊ. शिवाय एजंटचे आणि कराराचे वेगळे, बहुधा प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास. बजेटमध्ये हे धरलं नाही की पहिल्याच महिन्यात तारांबळ.
शांतता हवी तर इंडिपेंडन्स लेआउट किंवा जीआरए. न्यू हेवनला दुकानं हाताशी, पण गोंगाट. अबाक्पा स्वस्त आणि गजबजलेलं. विमानतळ एमेनेला.

तेजश्री: फिरायला?

शिरीष: केके. म्हणजे आपलीच बजाज तीनचाकी. ठरलेल्या मार्गावर शेअर चालते, मागे तिघं. एकट्याला पूर्ण हवी असेल तर ‘ड्रॉप’ म्हणायचं आणि बसण्याआधी भाव करायचा, उतरल्यावर नाही. सोमवारी काम ठेवताना स्थानिक माणसाला विचारावं: २०२१पासून फुटीरतावाद्यांच्या ‘सिट-ॲट-होम’ बंदमुळे सोमवार ओस पडायचे. राज्य सरकारने जून २०२३ला ते मोडीत काढलं, पण धास्तीने उशिरा उघडायची सवय काही दुकानांत राहिली.

सुलभा काकू (सी-५०१): त्याच्या खाण्याचं काय? शाकाहारी आहे ना तो?

तेजश्री: हो काकू 😟

सुलभा काकू: मग ओक्पा. एनुगूची ओळखच ती, आणि नाइन्थ माइलला गाडी थांबली की गरम ओक्पा खिडकीशी येतो. बांबारा शेंगांचं पीठ, लाल पाम तेल, मिरची, मीठ, पाणी. बस.
घरी करायचा तर अर्धा किलो पिठाला पाच-सहा मोठे चमचे तेल. आधी तेल पिठाला चोळायचं, सगळं एकसारखं पिवळं होईपर्यंत. मग कोमट पाणी थोडं थोडं, एकूण सव्वा लिटरच्या आसपास. कढत घातलं तर गुठळ्या. मिश्रण पातळच हवं, ताकाइतकं; बघून वाटतं बिघडलं, पण शिजताना आळतं. घट्ट भिजवलं तर ओक्पा कोरडा होऊन तडकतो. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करायचं, कोन करून ओतायचं, तोंड बांधायचं. पातेल्यातलं पाणी आधीच खळखळत असलं पाहिजे. गार पाण्यात सोडला तर पीठ तळाला, तेल वर. तासभर शिजवायचा.
आपलं रिफाइंड पामोलिन चालत नाही, ना रंग ना चव. मिरची न्सुक्का गावची पिवळी मिळाली तर उत्तम, वास वेगळाच.

तेजश्री: 🙏 अबाचा शाकाहारी असतो का?

सुलभा काकू: कसाव्याचा कीस असतो तो, पण वर मासा घालतात, कधी चव क्रेफिशची. विचारूनच घ्यावा.

मीनल ताई: हर्माटनचं सांगा कोणीतरी. जानेवारीत जातोय.

शिरीष: हो, सहारातून धुळीचं वारं येतं, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. दृश्यमानता घसरली की लागोस-एनुगू विमानं रद्द. पुढची आंतरराष्ट्रीय फ्लाइट त्याच दिवशीची घेऊ नये, मध्ये एक रात्र ठेवावी.
आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. कार्ड जाताना बघतात, आणि भारतात परतताना नसेल तर विलगीकरणात ठेवतात. हातातल्या बॅगेत ठेव म्हणावं, चेक-इन सामानात नाही.