मदत हवी आहे: ट्रायथलॉनमधील गर्दीची सुरुवात आणि दुसऱ्याच्या मागे पोहणे, याचा सराव परभणीत कसा करावा?

नमस्कार.

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन (सलग पोहणे, सायकलिंग आणि धावणे) स्पर्धेची मी तयारी करतो आहे. लहानपणी विहिरीत पोहायला शिकल्यामुळे खोल पाण्याची भीती नाही आणि पोहण्याचे १.९ किलोमीटरचे अंतरही जलतरण तलावात दम न लागता पूर्ण होते. अडचण येते ती समुद्रातल्या पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्ये. पुढच्याची टाच गॉगलला लागते, मागच्याचा हात पोटरीवर पडतो, श्वास घ्यायला मान वळवावी तर त्याच बाजूने लाट येते. आणि एकदा श्वासाची लय मोडली की पहिल्या बोयापर्यंत (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत) ती पुन्हा जुळत नाही.

दुसरा प्रश्न ड्राफ्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून ताकद वाचवण्याचा आहे. या स्पर्धेत सायकलवर पुढच्यापासून १२ मीटर अंतर राखावेच लागते. पोहताना मात्र दुसऱ्याच्या मागे राहण्याची मुभा असते. ती न वापरणे म्हणजे पुढच्या ९० किलोमीटर सायकलिंगसाठी आणि २१.१ किलोमीटर धावण्यासाठी राखता आली असती ती ताकद पाण्यातच खर्च करणे, असे माझे मत आहे. पुढच्याच्या पायांमागे अगदी जवळ राहिल्यास पाण्याचा विरोध सर्वांत कमी होतो हे मान्य; पण गढूळ पाण्यात तिथून फक्त बुडबुडे दिसतात, तो भरकटला तर आपणही भरकटतो, आणि बोटे त्याच्या तळव्यांना सारखी लागत राहिली तर तो चिडून जोरात पाय झाडतो. कमरेच्या बाजूला राहिल्यास लाभ थोडा कमी, पण श्वास घेतानाच सोबत्यावर नजर ठेवता येते. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या पोहणाऱ्याने यांपैकी कोणती जागा धरावी?

सरावाच्या जागेचाही विचार करावा लागतो. येथील तलाव २५ मीटरचा असल्यामुळे दर फेरीला भिंतीचा आधार मिळतो, जो समुद्रात नसतो. येलदरी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठाला गुडघाभर चिखल उरतो, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) हे पक्षी अभयारण्य असल्याने तिथे मनाला येईल तेव्हा उतरणे योग्य नाही, आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर गोदावरीत उतरण्याचा विचारही करू नये. म्हणून आम्ही तिघा मित्रांनी असे ठरवले आहे की तलावातील लेनचे दोर काढून खांद्याला खांदा लावून सुटायचे, भिंतीला हात न लावता मधूनच वळायचे आणि पुढे राहण्याची पाळी बदलत राहायची. मोठ्या विहिरीत कठड्याला न धरता आडवे तरंगत राहून इशारा मिळताच निघण्याचा सरावही करता येईल, असे वाटते.

एवढ्या सरावाने समुद्रातील गर्दीची सवय होईल का? रोलिंग स्टार्ट (सर्वांना एकदम न सोडता थोड्या थोड्या जणांना पाण्यात सोडणे) असलेल्या स्पर्धेत आपल्या अपेक्षित वेळेच्या गटात उभे राहावे, की मागे राहण्यासाठी चांगला पोहणारा मिळावा म्हणून किंचित वेगवान गटात? समुद्रापासून दूर राहून तयारी केलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.