बीएडची थेअरी ऑनलाइन क्लासला लागू होते का?

जुळे सोलापुरात दहावीच्या गणिताचे क्लास घेतो. एक बॅच ऑनलाइन आहे, पोरं कुणी अक्कलकोटची कुणी मोहोळची, रोज एसटीनं येणं जमत नाही. बीएडला पियाजे, वायगॉट्स्की, ब्लूम सगळं पाठ केलं, पेपर लिहिला, विसरलो. आता तासभर मी एकटाच बडबडतो, कॅमेरे बंद, समजलं का विचारलं की चॅटमध्ये धडाधड 'हो सर', अन् दुसऱ्या दिवशी वर्गसमीकरण दिलं की सगळे गप. त्या थेअरीतलं काही कामाला येतं का?

पार्क चौक:
आधी 'समजलं का' विचारणं बंद करा सर. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढं. म्हणजे तास सुरू होताच कालचं एक गणित, वही बंद, कोऱ्या कागदावर सोडवून फोटो पाठवा म्हणायचं. मार्क मात्र देऊ नका, नाहीतर गाईडातून छापतात बे, अनुभव आहे.

भाकरी शेंगाचटणी:
अन् नवीन भाग शिकवताना थेट अख्खं गणित अंगावर टाकू नका. स्वेलरची कॉग्निटिव्ह लोड थेअरी हेच सांगते, डोक्यात एका वेळी मावतं थोडंच. पहिलं गणित पूर्ण सोडवून दाखवा, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं करत करत शेवटी कोरं. आणि स्लाइडवर लिहिलंय तेच वाचून दाखवू नका, पोरं वाचतील की ऐकतील?

मागवाला:
सगळं खरं, पण घरात फोन एक, तो बाप रात्रपाळीला नेतो, तर लाइव्ह कोण बसणार? सात-आठ मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. बाकी माझे वडील मागावर नवीन पोराला आधी नुसता तुटलेला धागा जोडायला लावायचे, शेजारी उभे राहायचे, हात बसला की बाजूला. वायगॉट्स्की वाचला नव्हता त्यांनी. (असा आधार द्यायचा अन् हळूहळू काढून घ्यायचा, ह्याला स्कॅफोल्डिंग म्हणतात, वायगॉट्स्कीच्या नावाला जोडतात, पण शब्द त्याचा नाही, १९७६ च्या वूड, ब्रूनर, रॉस यांच्या पेपरातला आहे.)

प्रश्न विचारणारा:
काल करून बघितलं. गुणाकार ६ अन् बेरीज वजा ५ येणाऱ्या दोन संख्या, एवढीच एक पायरी रिकामी ठेवली. निम्म्या फोटोंत २ आणि ३, वजा चिन्ह गायब. परवा ह्याच पायरीला सगळ्यांनी 'हो सर' म्हणलं होतं.