मदत हवी आहे: वाहनांच्या उत्सर्जनाचे दोन हिशेब जुळत नाहीत

एका विभागाची हवा प्रदूषकांची उत्सर्जन यादी, म्हणजे कुठून किती प्रदूषक बाहेर पडतात त्याचा हिशेब, करते आहे. कारखान्यांच्या सल्फर डायऑक्साइडचं काम सरळ झालं. गंधकाचा अणुभार 32, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार 64, म्हणजे जळलेल्या गंधकाच्या दुप्पट वायू. 0.5 टक्के गंधक असलेल्या एक टन कोळशामागे साधारण 10 किलो, त्यात राखेत राहतं तेवढं कमी.

नायट्रोजन ऑक्साइडना ही सोय नाही. गाड्यांच्या इंजिनात ते मुख्यतः हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात, आणि किती बनतील ते ज्वलनाच्या तापमानावर ठरतं. त्यामुळे सगळी भिस्त उत्सर्जन गुणांकांवर, म्हणजे दर किलोमीटरला किंवा दर लिटर इंधनाला किती ग्रॅम निघतात त्या आकड्यांवर.

अडलंय इथे. नोंदणीतली वाहनं गुणिले वर्षाचे किलोमीटर गुणिले गुणांक, असा एक आकडा आला. इंधनविक्रीवरून काढला तर त्याच्या जेमतेम निम्मा. विकलेल्या डिझेलमधून जनरेटर आणि ट्रॅक्टर वगळले की तफावत आणखी वाढते. ‘सरासरी घ्या आणि पुढे चला’ असा सल्ला मिळाला, पण मन मानत नाही. कुठल्या उपायावर पैसे घालायचे ते याच आकड्यांवरून ठरणार आहे. कोणता धरू?

प्रतिसाद १

सरासरी मुळीच नको. प्रदूषक तूर्त बाजूला ठेवा आणि आधी फक्त लिटर जुळवा: तुमच्या किलोमीटरना किती इंधन लागलं असतं आणि विकलं किती गेलं? तिथेच दुप्पट फरक दिसला तर गुणांक निर्दोष आहेत, वाहनसंख्या किंवा किलोमीटर फुगलेत. माझा संशय नोंदणीवर आहे. भंगारात गेलेल्या गाड्या तिथून सहसा कमी होत नाहीत. शिवाय जुनी गाडी नव्यापेक्षा कमी धावते, पण दर किलोमीटरला जास्त ओकते. सगळ्यांना सारखे किलोमीटर दिलेत तर चूक दोन्हीकडून वाढते. पेट्रोल पंपावर आणि वाहनतळांवर उभं राहून गाडीचं वर्ष आणि ओडोमीटर टिपा.

धागाकर्ती

लिटर जुळवून पाहिले, तिथेही दुप्पटच! सर्वेक्षण या आठवड्यात सुरू करते. पण बाहेर टाकी भरून इथून नुसते पार होणारे ट्रक?

प्रतिसाद १

ते विक्रीत दिसणार नाहीत आणि नोंदणीतही नाहीत. हमरस्त्यावर चोवीस तास मोजणी करा, रात्र सोडू नका, आणि त्यांचं उत्सर्जन त्या रस्त्याच्याच ग्रिडचौकोनांत (नकाशावर आखलेल्या चौकोनांत) टाका. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलंत तर ट्रकांचा धूर वस्तीवर जाऊन बसेल.