मदत हवी आहे: सॅटच्या गणितात प्रश्न कोरे सोडले, परीक्षा पुन्हा द्यावी का?

नमस्कार मंडळी,

लेकीच्या सॅटबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल, विचारायचंय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तिने पहिल्यांदाच परीक्षा दिली. इंग्रजीत ७१०, गणितात ५९०, एकूण १३००. ज्यावर ही परीक्षा होते त्या ब्लूबुक ॲपवरच्या सराव परीक्षांत गणितात ती ६८०च्या खाली कधी आली नव्हती. निकालाच्या दिवशी नुसती गप्प बसून होती. रात्री खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. गणिताचे दोन भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये वर्तुळाच्या एका समीकरणावर अडकली, बघता बघता शेवटची पाच मिनिटं उरली, आणि खात्री नसलेले पाच प्रश्न तिने कोरेच ठेवले. का? तर "आई, तूच म्हणाली होतीस ना, येत नसेल तर सोडून दे."

म्हणाले होते मी. मी २००४ साली ही परीक्षा दिली तेव्हा चुकीच्या पर्यायाला पाव गुण कापायचे. ते डोक्यात पक्कं बसलेलं. २०१६ पासून गुण कापणं बंद झालंय, हे मी तपासलंच नाही. फार लागलंय मनाला.

दुसरं मॉड्यूल उघडलं तर प्रश्न सोपे. आपल्याला खालच्या पातळीवर टाकलंय हे तिला तिथेच कळलं आणि धीर सुटला.

पाच कोऱ्या प्रश्नांनी एवढा फरक पडतो का? पुन्हा बसायचं तर इंग्रजीची तयारीही नव्याने करावी लागेल का? तिच्या यादीत एमआयटी, डार्टमथ, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन कॅम्पस आणि गुण पाठवणं ऐच्छिक असलेली तीन कॉलेजं आहेत. तिथे १३०० पाठवावेत का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, फरक पडतो. एका मॉड्यूलमध्ये २२ प्रश्न, ३५ मिनिटं. त्यातले दोन प्रश्न फक्त चाचणीसाठी, त्यांचे गुण धरत नाहीत. म्हणजे हिशेबात २०च. पहिल्यातल्या कामगिरीवर दुसरं कठीण येणार की सोपं ते ठरतं, आणि सोप्या मॉड्यूलमधून फार वरचे गुण मिळतच नाहीत. कोऱ्या प्रश्नाला शून्य, चुकलेल्यालाही शून्य. मग काहीतरी निवडलेलं केव्हाही बरं. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जायचं. मॉड्यूल संपेपर्यंत मागे येता येतं, संपलं की नाही.

वर्तुळाचं म्हणाल तर ॲपमध्येच डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे. समजा, क्ष² + य² − ६क्ष + ८य = ० असं समीकरण आहे. ते जसंच्या तसं टाका, वर्तुळ समोर येतं. वरचं टोक १ वर, खालचं −९ वर, म्हणजे त्रिज्या ५. वर्ग पूर्ण करत बसायची गरजच नाही. हे हातात बसायला मात्र आठवडाभर रोज करायला हवं.

प्रतिसाद २

पुन्हा द्या, नक्की द्या. एमआयटी प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण धरतं, तारखा वेगळ्या असल्या तरी. म्हणजे तिथे इंग्रजीचे ७१० तिच्या हातात आहेतच. सगळा जोर गणितावर लावा. बाकी कॉलेजांचा नियम त्यांच्या त्यांच्या पानावर वाचा. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये गुण पुन्हा सक्तीचे केले, त्यामुळे तिथे सुटका नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी सॅट बघतच नाही, ते दोन कॅम्पस चिंतेतून काढून टाका.

ऐच्छिक कॉलेजांसाठी प्रवेश मिळालेल्यांच्या मधल्या ५० टक्क्यांचे गुण बघा. १३०० त्याखाली असतील तर मी तरी पाठवणार नाही.

आणि ताई, चूक सल्ल्याची होती, हे तिला स्वतः सांगा. ती आपल्यालाच दोष देत बसली असेल.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल जेवणानंतर तिला सांगितलं, माझी माहिती जुनी होती, ते पाच प्रश्न माझ्यामुळे गेले. थोडी रडली. मग लॅपटॉप उघडून डेस्मॉसमध्ये ते वर्तुळ काढून बघितलं आणि मलाही बोलावून दाखवलं. पुढच्या तारखेला नाव नोंदवतोय.