‘शिलिंगात गेलेली’ जमीन: छापताना काय लिहावं?

भीमाकाठ:
मंडळी, एका शब्दापाशी आठ दिवस अडलोय. आमच्या गावच्या इतिहासाची छोटी पुस्तिका करतो आहे. गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या कडेचं. त्यात एक वाक्य लिहिलं होतं: ‘१९७५ नंतर शासनाने मोठ्या खातेदारांची जमीन संपादन करून भूमिहीनांना वाटली.’ शेजारच्या तात्यांना वाचायला दिलं. वय शहाऐंशी. त्यांनी भिंग धरून सावकाश वाचलं आणि ‘संपादन’वर पेन्सिलीने काट मारली. म्हणाले, “संपादन धरणाला झालं. ही शिलिंगात गेली. दोन्ही एक करू नको.”

तात्यांनी दोन्ही भोगलंय. नदीकाठची वडिलोपार्जित काळी धरणात गेली, आणि पुढे माळावरची पावणेतीन एकर सीलिंगमधून, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून, मिळाली. लोखंडी पेटीतून त्यांनी वाटपाचा कागद काढून दाखवला. घडीवर फाटलेला, मागून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलेली. क्षेत्र १ हेक्टर ११ आर.

पुस्तिका तपासणाऱ्या सरांचा आग्रह आहे की ‘कमाल जमीनधारणा मर्यादेपेक्षा अतिरिक्त ठरवून’ असं छापा. ते तात्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “हे कुणाच्या रानाचं?” तर प्रश्न असा: ‘शिलिंगात गेली’ याला छापण्याजोगा मराठी शब्द आहे का?

जुना फेरफार:
तात्या बरोबर आहेत, तुमचं वाक्य चूक. महसुलात तीस वर्षं काढली म्हणून ठामपणे सांगतो. भूसंपादन म्हणजे सार्वजनिक कामासाठी, धरण, रस्ता, कालवा, अमुकच गट लागतो म्हणून घेणं. तिथे तुमच्याकडे दोन एकर असो की दोनशे, रेषा त्यातून गेली की जमीन गेली. सीलिंगमध्ये कोणता तुकडा हा प्रश्न नंतर; आधी कुटुंबाकडे एकूण किती हे बघतात. १९६१ चा कायदा, २६ जानेवारी १९६२ पासून लागू. तेव्हा कोरडवाहूची मर्यादा १२६ एकरांपर्यंत होती. १९७५ च्या दुरुस्तीने ती ५४ एकरांवर आली, बारमाही बागायतीला १८. त्याच्या वरची सरकारकडे गेली आणि वाटपात निघाली. मोबदला होता, पण आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत, बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. ज्याला मिळाली त्यानेही कब्जेहक्काची रक्कम भरली आणि सातबाऱ्यावर वर्ग २ लागला. परवानगीशिवाय विकता येत नाही.

आणि कृपा करून ‘अधिग्रहण’ लिहू नका. हल्ली बातम्यांत सर्रास दिसतं, ते हिंदीतून आलंय. आपल्याकडे अधिग्रहण म्हणजे तात्पुरतं ताब्यात घेणं. टंचाईत विहीर अधिग्रहित करतात, पाऊस पडला की मालकाला परत.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे मराठी शब्द आहेत, आणि नेमके आहेत. मग ‘शिलिंग’ छापायचं कशाला? ‘कमाल धारणा’ हा सुटसुटीत शब्द आहे. ‘जमीन कमाल धारणेत गेली.’ एकदा छापून आला की दहा वर्षांत रुळेल. दिनांक, महापौर, नगरपालिका हेही एके काळी नवेच होते. आपण आपल्या भाषेच्या बाबतीत इतक्या लवकर हात टेकतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांधावरची बाभूळ:
ताई, पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी असलेला शब्द काढून नवा रुळवायचा? ‘शिलिंग’ आता इंग्रजी राहिलेला नाही. माझी आजी तर ‘शिल्लकीत गेली’ म्हणायची. मला खात्री आहे की तो मूळचा ‘शिल्लक’वरूनच आलाय. ठरवून दिलेली जमीन ठेवायची आणि शिल्लक सरकारला द्यायची. अर्थही जुळतो.

शीवेपल्याड:
‘शिल्लक’ची व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. आजीने ओळखीच्या शब्दाचा आधार घेतला, इतकंच. ‘सि’चा ‘शि’ होणं ही मराठीची जुनी खोड आहे. सिमेंटचं शिमिट, सिनेमाचा शिनिमा. आणि हे इंग्रजी शब्दांपुरतं नाही. संस्कृत ‘सिञ्च्’वरून आपलं शिंपणं, ‘सीव्यति’वरून शिवणं, आणि ‘सीमा’वरून शीव. ज्या वाटेने सीमेची शीव झाली त्याच वाटेने सीलिंगचं शिलिंग झालं. अर्थही तोच, हद्द. कुणीही न शिकवता गावाने हा शब्द आपल्या नियमाने घडवला. मी तर तो अवतरणचिन्हांशिवाय छापेन.

शब्दवेल्हाळ:
शीव आणि शिंपणं मान्य. पण उच्चार बदलला म्हणून शब्द आपला होत नाही. उद्या पोरगं पुस्तिका वाचेल आणि शिलिंग म्हणजे इंग्रजांचं नाणं समजेल.

बांधावरची बाभूळ:
लहानपणी मला तेच वाटायचं! शिलिंगात गेली म्हणजे एका नाण्याला विकली.

हरेगावकर:
विषय निघालाच आहे तर आमच्या श्रीरामपूर भागातला एक शब्द सांगतो. बाकी महाराष्ट्रात ‘खंडकरी’ म्हणजे खंडाने जमीन करणारा, खंड देणारा. आमच्याकडे खंडकरी म्हणजे ज्याने जमीन दिली तो! पणजोबांच्या काळात साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढे १९६१ च्या कायद्याने कारखान्यांकडची जमीन सरकारकडे गेली, पण ती आम्हाला न येता १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाकडे गेली. मालक शेतकरी, नाव खंडकरी आणि हातात काही नाही. वारसांना परत मिळायला २०१२ उजाडलं. माझे आजोबा आणि वडील दोघंही वाट बघत गेले.

म्हणून ‘मोठ्यांची घेऊन गरिबांना वाटली’ असं एका ओळीत लिहिताना मला अडखळायला होतं. आमची एकरदोनएकरवाल्यांचीच होती. ‘पुनर्वाटप’ हा शब्द आमच्यासाठी लिहायचा झाला तर त्यात ‘परत’ हवं.

भीमाकाठ:
हरेगावकर, ‘खंडकरी’ची ही उलटापालट मला माहीत नव्हती. आमच्याकडे तरी खंडकरी म्हणजे घेणाराच.

माडाखाली:
कोकणात आमची सगळी गोष्ट ‘कूळ’ या एका शब्दात आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी ज्याचं नाव कूळ म्हणून लागलेलं होतं तो कायद्याने मालक मानला गेला. मग कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरली, ती भरली की कलम ३२ म चं प्रमाणपत्र. मालकाच्या घरात आजही म्हणतात ‘कूळ लागलं’, रोग लागल्यासारखं. माझं आजोळ असं मालकांचं आणि वडिलांचं घर कुळांचं, त्यामुळे मी दोन्ही ओट्यांवर वाढले. आजोळी ‘कुळकायद्यात गेली’, घरी ‘कुळकायद्यात आली’. जमीन तीच, फक्त क्रियापद वेगळं. तुमच्या पुस्तिकेत हे क्रियापद जपा, नामाचं काय ते होऊ दे. तात्यांनी मिळालेल्या जमिनीला ‘आली’ म्हटलं का, की तिलाही ‘गेली’च?

भीमाकाठ:
विचार करायला लावलंत. ते म्हणाले “ही शिलिंगात गेली.” म्हणजे स्वतःला मिळालेल्या जमिनीबद्दल बोलतानाही पहिल्या मालकाच्या बाजूने बोलले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं स्वतः कसून.

जुना फेरफार:
हे मी खूप पाहिलंय. गावात त्या तुकड्याला अजून मूळ मालकाच्या आडनावाने ओळखतात. सातबारा बदलला, तोंडातलं नाव नाही बदललं.

मांडवीतीर:
गोव्यातून एक भर. आमच्याकडे कूळ आणि मुंडकार ही जोडी बोलण्यात एकत्र येते आणि म्हणून लोक गल्लत करतात. कूळ शेत करतं, त्याचा कायदा १९६४ चा, पाचवी दुरुस्ती १९७६ ची. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहतो, त्याचा कायदा वेगळा, १९७५ चा. एका मराठी लेखात ‘मुंडकारांना शेतजमिनी मिळाल्या’ असं वाचलं आणि फार खटकलं.

शब्दवेल्हाळ:
‘कूळ’ हा शब्द मात्र अस्सल. सारा भरणारी ती कुळं, त्यांचा हिशेब ठेवणारा कुळकर्णी. घराण्याचं कुळ आणि शेताचं कूळ मुळात एकच. असे शब्द असताना आपण...

मावेजा:
बीडहून. आमच्याकडे १९५० चा हैदराबादचा कुळकायदा, ‘संरक्षित कूळ’ हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. पण एक लक्षात घ्या, कूळ म्हणजे आधीपासून ती जमीन करणारा. शिलिंगमध्ये मिळणारा त्या जमिनीवर कधी पाय न ठेवलेलाही असतो. आणि तिसरा प्रकार: दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण योजना. सरकार बाजारातून जमीन विकत घेतं आणि भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती देतं. तिथे ना संपादन, ना शिलिंग. माझ्या मावशीला त्यातून मिळाली. विचारलं तर ती ‘योजनेत बसली’ म्हणते. जमीन नव्हे, ती स्वतः बसली! तिच्या जमिनीला वाट नाही, बैल दुसऱ्याच्या बांधावरून न्यावे लागतात, दरवर्षी पेरणीला भांडण. पण तो शब्द उच्चारताना तिचा चेहरा बघायला हवा.

जुना फेरफार:
चौथाही आहे. धरणग्रस्तांना द्यायला लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागातल्या, मोठ्या खातेदारांची क्षेत्राच्या टप्प्यांप्रमाणे (स्लॅब) घेतात. लोक म्हणतात ‘स्लॅबमध्ये गेली’. सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा शिक्का.

शीवेपल्याड:
कुणी ‘कसणे’बद्दल बोललं नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा घराघरात पोचली. मूळ संस्कृत ‘कृष्’, कर्षण.

बांधावरची बाभूळ:
की मातीचा ‘कस’? जो मातीतून कस काढतो तो कसतो. मला हे जास्त पटतं.

शीवेपल्याड:
कस वेगळा, तो कसोटीकडे जातो. कसणं कृष्‌कडूनच.

माडाखाली:
आमच्याकडे ‘कसतो’ फक्त भाषणात आणि अर्जात. बोलताना ‘शेत करतो’.

मावेजा:
आमच्याकडे ‘वाहतो’. “ही जमीन कोण वाहतं?” त्यावरूनच वहिती आणि वहिवाट.

भीमाकाठ:
आत्ताच तात्यांकडे जाऊन आलो. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. विचारलं, तुम्ही जमीन कसता की वाहता? म्हणाले, “आम्ही रान करतो.” मग म्हटलं, शिलिंगातलं रान तुमचं म्हणायचं की अजून त्यांचं? सोलता सोलता थांबले, आणि म्हणाले, “त्यांचंच नाव हाय त्या रानाला. करतो आम्ही.”

पहिला प्रश्न तसाच राहिला. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

माडाखाली:
‘रान करतो’? आमच्याकडे शेताचं रान झालं म्हणजे पडीक पडून झुडपं माजली. सोलापूरकडे शेतालाच रान म्हणतात का सगळीकडे, की फक्त जिरायतीला?