जे-30 की कॅटलिना 30? 'तरंगता दिवाणखाना' म्हणणाऱ्यांना उत्तर

दांडियाबाजारकर
काल इथे एकाने लिहिलं की कॅटलिना 30 ही शिडाची बोट म्हणजे तरंगता दिवाणखाना, जुनी बोट घ्यायची तर जे-30 च घ्या, रेस पण होते नि फिरणं पण. वाचून डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय. मुलगा अमेरिकेत, चेसापीक उपसागराकाठच्या अॅनापोलिसला, रिटायर झाल्यापासून आमचा उन्हाळा तिकडेच, आणि त्याच्या मरीनात सध्या दोन्ही विकायला आहेत, 1979 ची कॅटलिना आणि 1981 ची जे. दोन्ही 30 फुटी, दोन्हींचा कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा, पाण्यात सव्वापाच फूट खोल, म्हणजे चेसापीकच्या उथळ पाण्यात दोघी सारख्याच रुतणार. मला मुलाबरोबर बुधवार संध्याकाळची रेस करायची आहे आणि सौ.ला शनिवार-रविवार नांगर टाकून निवांत बसायचंय. दुसरं जमलं नाही तर पहिलंही जमणार नाही, हे संसारी माणसांना सांगायला नको. मग दिवाणखाना असला तर बिघडलं कुठे?

वारा_पश्चिम
तो 'एक' म्हणजे मी, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. काका, कॅटलिना साडेचार टनांच्या वर, जे सव्वातीन टनसुद्धा नाही. जुलैत चेसापीकवर वारा पडतो तेव्हा जड बोट नुसती डुलत बसते. हँडिकॅपमध्ये, म्हणजे हळू बोटीला रेसमध्ये मिळणाऱ्या सवलतीत, मैलामागे 40 सेकंदांच्या आसपास मिळतील तुम्हाला, पण वाराच नसेल तर ते सेकंद काय पोळीला लावून खाणार? जे टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांडीवर आहे, हाताला पाणी कळतं. एकदा ती चालवलीत की कॅटलिनाचं चाक फिरवणं बस चालवल्यासारखं वाटेल.

रावपुरा_रिटर्न
आले रेसवाले. अहो, जे-30 च्या हलमध्येही, म्हणजे बोटीच्या कवचातही, बाल्सा हे हलकं लाकूड आहे, नुसत्या डेकमध्ये नाही, हे का नाही सांगत? मी न्यू जर्सीत असताना एक बघायला गेलो होतो, सर्व्हेवाला प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकत चाललेला, टक टक टक, आणि स्टॅन्शनच्या, कठड्याच्या खांबाच्या, बुडाशी आला तर एकदम थप्प. मालक म्हणाला हा आवाज असाच येतो. सर्व्हेवाल्याने काही न बोलता ओलावा मोजायचा मीटर लावला, काटा पार टोकाला. चाळीस वर्षांत कुणीतरी एक भोक पाडून नीट सील केलं नाही की संपलं, आतलं लाकूड भिजून लगदा. त्याची दुरुस्ती बोटीच्या किमतीपेक्षा जास्त सांगितली होती. वर स्पिनेकर, ते पुढचं फुग्यासारखं मोठं शीड, उडवायला सहा माणसं लागणार, ती काका कुठून आणणार, बडोद्याहून?

वारा_पश्चिम
आणि कॅटलिना काय धुतल्या तांदळासारखी आहे? जुन्या बोटींत कीलच्या वरच्या भागात प्लायवूड घातलंय, ते कुजलं की कील आणि हलच्या जोडावर पुढून चीर पडते. अमेरिकेत त्याला 'कॅटलिना स्माइल' म्हणतात, इतकं कॉमन. 1979 ची आहे तर बहुतेक अॅटॉमिक फोर असेल, पेट्रोलचं इंजिन. बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, पेट्रोलची वाफ साठून स्फोट होऊ नये म्हणून स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर, वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवायचा, एक दिवस विसरलात तर काकूंचा निवांत रविवार कायमचाच निवांत.

दांडियाबाजारकर
काकूंना मध्ये आणू नका. इंजिन अॅटॉमिक फोरच आहे, मला माहीत आहे.

फतेगंजवाला
मी म्हणतो एवढे डॉलर तिकडे घालण्यापेक्षा बोट इकडेच आणा ने. दहेज आपल्या बडोद्यापासून दोन-अडीच तासांवर, समोर आखातापलीकडे घोघा, शनिवारी निघालं की झालं.

रावपुरा_रिटर्न
भाऊ, तुम्ही कावी-कंबोईला स्तंभेश्वराला गेलायत ना? देऊळ भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं ते काय लाइट शो आहे? भावनगरकडे उधाणाला 10 मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं. सव्वापाच फुटी कील घेऊन ओहोटीत सापडलात तर बोट चिखलात आडवी.

फतेगंजवाला
मग दहेज-घोघा फेरी बोट कशी चालत होती? 2017 ला थाटामाटात उद्घाटन झालं होतं, मी स्वतः गाडी घालून गेलोय घोघ्याला, मुलं काय खूश होती. नकारघंटा वाजवायची आपल्या लोकांना सवयच आहे.

वारा_पश्चिम
'चालत होती' हे तुम्हीच लिहिलंत. दहेजला गाळ भरून खोली राहिली नाही म्हणून ती बंद पडली, नंतर हजिऱ्याहून सुरू केली. भावनगर बंदरात तर जहाजं तरंगती ठेवायला पाणी अडवून धरणारं लॉकगेट बांधावं लागलं. तुमच्या बोटीसाठी कोण बांधणार?

फतेगंजवाला
सगळे तांडेल इथेच जन्माला आलेत वाटतं. खंभात हे शेकडो वर्षं बंदर होतं, शिडाच्याच जहाजांचं, जरा इतिहास वाचा.

रावपुरा_रिटर्न
वाचलाय. गाळाने भरून गेलं, तोही इतिहासच आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा वारा_पश्चिमशी सहमत झालोय, तारीख लिहून ठेवा.

वारा_पश्चिम
दिवाळी अंकात छापा. काका, सहा माणसांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, नाइलाजाने. दोघंच बापलेक असाल तर जे पळवता येणार नाही, आणि न पळवलेली जे-30 म्हणजे अवघडलेली कॅटलिना. पण 1979 ची नका घेऊ. 6,000 च्या वर बनल्यात, डिझेलवाली नंतरची एखादी मिळेलच, थांबा थोडं. जे-30 साडेपाचशेच्या आसपासच आहेत, तिथे निवडीला वाव नाही.

दांडियाबाजारकर
म्हणजे शेवटी दिवाणखानाच ना?

वारा_पश्चिम
हो, पण सोफा डिझेलचा.

दांडियाबाजारकर
मुलगा म्हणतो जे-30 चा पण सर्व्हे करून घेऊ, पैसे तो देतोय. त्याला मी काय बोलणार.